माय-बापाचे नागपूर

"सही करीन मी. पण आंधी मले एकडाव नागपूर दाखव."

आई एवढेच बोलली आणि पुन्हा सुपातली तूर पाखडू लागली. धाकटा भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. तो पुण्याहून मुद्दाम या कामासाठी आला होता. आमचे नाचणगावच्या शिवारात पावणेतीन एकर शेत आहे. शेत रस्त्याला लागून असल्यामुळे गिऱ्हाईक घरी चालून आले होते. बाबा २०१९ साली गेले. त्यानंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचे आणि आम्हा दोघा भावांचे नाव चढले. विकायचे म्हटले तर तिघांच्या सह्या लागणार. दोन सह्या जवळजवळ तयार होत्या. तिसरी अशी अडली.

मी म्हणालो, "कापूस निंघू दे माय, मंग जाऊ."

कापूस निघाला. मग हरभरा आला. हरभरा घरात येतो न येतो तो लग्नसराई. मग मृगाची घाई, मग डवरणी, मग फवारणी, आणि पुन्हा कापूस. अशी दोन वर्षे गेली. शेतकऱ्याच्या घरात "मग जाऊ" या दोन शब्दांत किती माणसे आपली इच्छा तशीच मनात ठेवून निघून जातात, हे वाचकांना मी सांगायला नको. बाबांनीही एकदोनदा म्हटले होते, "एकदा जाऊन येऊ इंदोऱ्याले." तेव्हाही आमचा कापूस निघायचाच होता.

शेवटी गेल्या हिवाळ्यात, तिसऱ्या वेचणीला चार दिवस उशीर झाला तरी चालेल असे ठरवून, मी, आई आणि माझी बारावीतली मुलगी असे तिघे निघालो.

गाव सुटले होते, मग सापडले

नाचणगाव हे पुलगाव स्टेशनच्या दक्षिणेला पायी जाण्याच्या अंतरावरचे जुने गाव. रेल्वे पुलगावावरून गेली. तिथे कापसाचा बाजार, जिनिंग, कापडगिरणी असे एकेक उभे राहिले आणि नाचणगाव मागे पडले. माझ्या लहानपणी पुलगावच्या गिरणीचा भोंगा आमच्या अंगणात ऐकू येई. भोंगा झाला की आई हातातले काम थांबवून क्षणभर उभी राही. तेव्हा वाटायचे, तिला वेळ कळावी म्हणून ती ऐकते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू, याच गावचे. पण त्यांच्या नावावर जमिनीचे एक ढेकूळ नव्हते. बापाबरोबर ते दुसऱ्याच्या शेतावर सालाने राबले. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते नागपूरला चुलत्याकडे गेले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. आईचे वडीलही त्याच गिरणीत होते. म्हणजे माझे आई-बाबा दोघेही नागपुरात जन्मले, एकाच वस्तीत वाढले. १९६७ साली त्यांचे लग्न झाले आणि १९६८ साली ते नाचणगावला शेती करायला आले. शहरात वाढलेली दोन माणसे खेड्यात शेती करायला का आली, हा प्रश्न मी चोपन्न वर्षांत एकदाही विचारला नव्हता. आपल्याला आई-बाप कळतात ते आपल्या जन्मापासून पुढचे. त्याआधीही त्यांना वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य होते, हे लक्षातच येत नाही.

गाडीत

पुलगावहून नागपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. आई खिडकीशी बसली. वर्धा गेले, सेवाग्राम गेले. सेलू रोड, सिंदी, बुटीबोरी अशी स्टेशने ती फलक यायच्या आधीच नातीला सांगत होती. आम्ही तिला वर्षानुवर्षे फक्त देवळीच्या दवाखान्यात आणि वर्ध्याच्या लग्नांत नेत होतो. हा रस्ता तिला असा तोंडपाठ असेल असे मला वाटले नव्हते.

आपल्या भागातून ही लोखंडी वाट गेली ती मुख्यतः कापसासाठी, हे आपण विसरतो. वर्धा जिल्हा १८६२ साली वेगळा झाला, तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवून ते तिकडे हलवले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा विलायतेपर्यंत गेले होते. कापूस इथे पिकायचा, बोटीने इंग्लंडला जायचा आणि कापड होऊन परत यायचा.

जमशेटजी टाटांनी हाच उलटा प्रवास थांबवायचे ठरवले. मुंबई सोडून त्यांनी गिरणीसाठी नागपूर निवडले, कारण कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे आलेली. १८७४ साली कंपनी स्थापन झाली. शहरातल्या जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन त्यांनी ती भरून काढली. एका सावकाराने तेव्हा पैसे द्यायचे नाकारले. हा माणूस खड्ड्यात सोने ओततो आहे असे त्याला वाटले. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी टाकली माती आणि काढले सोने. ही गोष्ट नागपुरात अजून सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले होते, म्हणून गिरणीला एम्प्रेस हे नाव पडले.

मी हे मुलीला सांगत होतो. आई मध्येच म्हणाली, "आमी तं नुसती मिल म्हणो. तिले दुसरं नाव लागतच नव्हतं."

इंदोऱ्याची वाट

नागपूरचे स्टेशन तेच, दगडी. बाहेरचे सगळे नवे. स्टेशनाजवळून मेट्रो धरली, सीताबर्डीला बदलली आणि इंदोरा चौकाला उतरलो. गड्डीगोदामजवळ खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर आमची मेट्रो. आईने काचेतून खाली पाहिले आणि नातीचा हात घट्ट धरला. "आमचे बाप इथून पायी जात. सकाळच्या पाळीले, अंधारात," ती म्हणाली.

इंदोऱ्याला लागून बेझनबाग. एम्प्रेस मिलचे पहिले मॅनेजर बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या मालधक्क्याचे काम सोडून टाटांकडे आले आणि त्यांनी गिरणी नावारूपाला आणली. त्यांच्याच नावाची ही कामगारांची वस्ती. रांगेतली लहान घरे, पुढे अंगण, असे वर्णन आईने इतक्यांदा केले होते की मला तेच पाहायची आशा होती. प्रत्यक्षात पाहतो तो दुमजली-तिमजली पक्की घरे, गच्च्यांवर टाक्या, दारात मोटारसायकली. आई गल्लीच्या तोंडाशी थांबली. इकडे दोन पावले गेली, तिकडे दोन पावले गेली. तिला घर सापडेना.

मला वाटले, आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण ती तशी बाई नाही. तिने पदर खोचला आणि एका ओट्यावर ऊन खात बसलेल्या म्हातारीला सरळ विचारले, "काहो बाई, इथं रिंग खात्यातले लोक राहत, ते ओळ कोणती?"

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "सायकलवरून पडून भोवई फुटली होती, ते तूच नाई का वो?"

आईच्या उजव्या भुवईत एक पांढरी रेघ आहे. जन्मापासून मी ती पाहतो. ती कशाची, हे मला त्या दिवशी इंदोऱ्यात एका परक्या म्हातारीकडून कळले. भाड्याची सायकल, तासाला काही पैसे, चालवणारी आई आणि मागे बसलेली ही मैत्रीण. साठ-पासष्ट वर्षांनी दोघी ओट्यावर बसून हसत होत्या. माझ्या मुलीला मी कधी सायकलवर जोरात जाऊ दिले नाही, आणि तिची आजी इथे भुवई फोडून घेत होती!

धाकटे मामा तिथेच पुढच्या गल्लीत राहतात. ते शेवटपर्यंत गिरणीत होते. १९८६ साली ती राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. मामांनी मग शिलाई मशीन घेतली. कापड विणणारा माणूस कापड शिवू लागला. जेवताना ते म्हणाले, "भाचेबुवा, तुमचा कापूस कवडी नसला की आमच्या हाताले कळे."

कापसाचे दुसरे टोक

इथे मला माझ्या घरातल्या एका जुन्या गोष्टीचा उलगडा झाला, तो सांगितला पाहिजे.

आमच्या घरी कापूस वेचण्याचे नियम फार कडक. दव उडाल्याशिवाय वेचणी नाही. बोंडाबरोबर पाला आला तर तो तिथल्या तिथे काढून मगच कापूस ओटीत टाकायचा. भुईवर पडलेला, कवडी झालेला कापूस वेगळा. भरायला सुती चादर. खताची रिकामी पोती वापरू द्यायची नाहीत आणि सुतळीने तोंड बांधायचे नाही. शेजारी आम्हाला हसत. भाव तर सगळ्यांना सारखाच मिळतो, मग एवढा सोस कशाला? मीसुद्धा बाबांशी यावरून भांडलो आहे.

मामांनी ते नीट समजावले. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, आणि पिंजणाच्या यंत्रात त्याच्या गोळ्या होतात. पाल्याचा चुरा रुईतून पूर्ण निघत नाही. तो सुतात जातो आणि तिथे धागा तुटतो. रिंगच्या साच्यावर शेकडो चात्या एकदम फिरतात. धागा तुटला की कामगाराने धावत जाऊन तो सांधायचा. वाईट कापसाच्या दिवशी माणूस आठ तास नुसता पळत असतो. पोत्याचा एखादा धागा किंवा सुतळीचा तंतू सुतात गेला तर तो रंग धरत नाही. सबंध थानात त्याची रेघ उठून दिसते आणि थान बाद होते. त्याचा ठपका साच्यावरच्या माणसावर येतो.

"तुझे आबाजी वीस-पंचवीस वर्षं तुटलेले धागे जोडत होते," मामा म्हणाले. "मंग ते शेतात पाला कसा जाऊ देतीन?"

आपण शेतकरी कापूस गाडीत टाकतो आणि आपले काम संपले म्हणतो. त्याचे दुसरे टोक कुणाच्या हातात जाते, हे आपल्याला दिसत नाही. माझ्या बाबांना ते दिसत होते, कारण ते दुसऱ्या टोकाच्या घरात वाढले होते. आणि मी त्याला हेकटपणा म्हणत आलो होतो.

गिरणीच्या दारात

दुपारी मामांनी आम्हाला गिरणीच्या जागेवर नेले. तिथे आता मोठे मॉल आणि उंच इमारती आहेत. नाव तेवढे एम्प्रेसचे राहिले आहे. मुलगी म्हणाली, "आजी, चल ना आत, पाहू." आई दाराशी थांबली. आतून गार वारा येत होता. लोक जात-येत होते, कुणी कुणाला अडवत नव्हते.

"आपल्याजवळ बिल्ला कुठी हाय?" ती म्हणाली.

आम्हाला वाटले, ती थट्टा करते. पण तिला तेच आठवत होते. दुपारी बापाचा डबा घेऊन ती याच बाजूच्या दारापर्यंत येत असे. बिल्ल्याशिवाय आत सोडत नसत. डबा दारातून आत जाई, पोर बाहेर राही. तिची आई रिळ खात्यात होती आणि पाठचे भावंड गिरणीच्या पाळणाघरात. म्हणजे घरातली तीन माणसे आत आणि ही एकटी बाहेर! सगळे बालपण जिच्यावर चालले ती जागा तिने आतून कधीच पाहिली नव्हती. त्या दिवशीही तिने पाहिली नाही.

मला एकदम आठवले. आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली फळीवर एक पितळेची चकती असते. तिच्यावर एक आकडा कोरलेला आहे. लहानपणी आम्हाला वाटे, हे कुठल्या तरी जत्रेचे पदक. दर सणाला आई ती चिंचेने घासते. तो आबाजींचा बिल्ला होता.

जुम्मा तलावाला आता गांधीसागर म्हणतात. आम्ही त्याच्या काठाशी बसलो. तिथे आई आणि मामा दोघांनी मिळून मला आमच्या शेताची कथा सांगितली. मी ती इथे थोडक्यात देतो.

टाटांच्या या गिरणीत १८८६ सालीच कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला होता, १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली होती. देशभरचा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालचा. आबाजींच्या पगारातून दरमहा थोडे थोडे कापले जाई. १९६८ साली त्यांनी काम सोडले तेव्हा हातात एकरकमी पैसे आले. इंदोऱ्यातल्या सगळ्यांनी सांगितले, इथेच घर बांधा. पण ज्या गावात आपला बाप दुसऱ्याच्या बांधावर बसून भाकर खात होता, तिथे आपला बांध हवा, असे आबाजींच्या मनाने घेतले होते. पैसे थोडे कमी पडले. तेव्हा आजीच्या चांदीच्या पाटल्या गेल्या, आणि नव्या सुनेच्या, म्हणजे माझ्या आईच्याही गेल्या. लग्नाला एकच वर्ष झाले होते.

बाबांना गिरणीत बदली कामगार म्हणून जागा मिळण्यासारखी होती. पण घरात जागा एक आणि भाऊ दोन. बाबांनी ती मोठ्या भावाला दिली आणि ते वडिलांबरोबर नाचणगावला आले. औत कसे धरतात हे त्यांना ठाऊक नव्हते.

"आणि तू?" मी आईला विचारले.

"मले यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "मले मेयो हॉस्पिटलात नर्स व्हायचं होतं. नळ होता, लाइट होती, शाळा होती. पुलगावच्या स्टेशनावर उतरल्यावर मी बाकावर बसून रडली. तुझे बाबा पेटी घेऊन उभे. ते म्हणाले, म्हणत असशील तं वापस जाऊ. मंग मीच उठली."

ज्या बाईला आम्ही जन्मभर मातीतली समजत होतो, ती मातीत स्वखुशीने आलीच नव्हती. तरी सत्तावन्न वर्षे तिने ती माती केली.

पांढरा झगा

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमीला गेलो. आज तिथे भव्य स्तूप आहे. त्याचे उद्घाटन डिसेंबर २००१ मध्ये झाले. आईला मात्र मोकळे मैदान आठवत होते. १४ ऑक्टोबर १९५६. व्हॅक्सीन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस. आई तेव्हा आठ वर्षांची. दुकानांतली पांढरी लुगडी संपली होती. आजीने मांजरपाट आणून रात्रीतून तिला झगा शिवला. खेड्यापाड्यांतून लोक पायी, गाड्यांनी, रेल्वेने आले होते आणि बेझनबागेतल्या प्रत्येक घरी पाहुणे उतरले होते. नाचणगावचेही होते.

"बापाच्या खांद्यावर बसून मी सारं पाहिलं," ती नातीला सांगत होती. "बाबासाहेब लहानसे दिसत, दूर. आवाज मात्र जवळ येई. लोक उभे झाले, सारे एकदम. तसा आवाज मी पुन्हा नाई ऐकला." पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या दिवशी वस्तीत चूल पेटली नाही, हेही तिने सांगितले.

बोधिवृक्षाखाली बसल्यावर मला आबाजींच्या बांधाचा अर्थ लागला. जो माणूस गाव सोडून गेला तो सालदार म्हणून, आणि परत आला तो जमीनमालक म्हणून. मधली तीस-बत्तीस वर्षे या शहरात गेली. गिरणीने त्याला मोजून पगार दिला, वस्तीने पोरांना शाळा दिली आणि या मैदानाने मान ताठ करायला शिकवले. आमचे पावणेतीन एकर नाचणगावात असले तरी ते कमावले गेले नागपुरात.

सही

परतीच्या गाडीत मीच विषय काढला. म्हणालो, "मंग माय, विकायचं नाई ना?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी अजून शाळेतच आहे. "मी असं कुठी म्हटलं? जमीन काही देव नाई. पोरीचं शिक्षण अडलं, दुखणं आलं, तं इका. तुझ्या आबाजींनी पाटल्या नाई इकल्या का? पण ते कशाची झाली, हे समजल्याबिगर इकू नका. पाटल्या इकल्या तं शेत आलं. आता शेत इकून काय येते, ते मले सांगा. मंग सही करतो."

उन्हाळ्यात भाऊ आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. तो व्यवहारी माणूस आहे. शेती परवडत नाही हे त्याचे म्हणणे खोटे नाही. माझ्या वहीतला खर्चाचा हिशेब त्याच्याच बाजूने बोलतो. पण त्याने फळीवरचा बिल्ला उतरवला, उजेडात नेऊन त्यावरचा आकडा वाचला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून आपल्या मुलाला पाठवला. गिऱ्हाइकाला आम्ही दोघांनी मिळून "सध्या नाही" असे कळवले. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. आईच्या प्रश्नाला उत्तर सापडले तर विकूही. मात्र आता ते उत्तर आम्ही तिघे मिळून शोधतो आहोत.

जाणार असाल तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे शहर असते. कुणाची आई मुंबईच्या गिरणगावात वाढलेली असते, कुणाचे वडील बल्लारपूरला किंवा भुसावळच्या रेल्वे वसाहतीत. ती माणसे बोलत नाहीत, कारण आपण विचारत नाही. आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो.

पत्ता शोधत बसू नका, पत्ते बदलतात. माणसांची आणि कामाची ओळख विचारा. "अमुक खात्यातले लोक कुठे राहत?" या प्रश्नाला जुने माणूस लगेच उत्तर देते. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणे धरू नका. म्हाताऱ्या माणसाला पाहण्यापेक्षा बसायला जास्त वेळ लागतो, आणि बसल्यावरच ते बोलते. बरोबर एक नातवंड न्या. जे आपल्याला सांगायला त्यांना संकोच वाटतो ते नातवंडाला ती मोकळेपणी सांगतात. घरी आल्यावर त्याच आठवड्यात सगळे वहीत लिहून ठेवा. नावे, साल, कोणते काम, किती पगार. जुन्या पेटीतले कागद, पासबुके, बिल्ले रद्दीत देण्याआधी ते कशाचे हे विचारून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापूस निघायची वाट पाहू नका. आम्ही पाहिली, आणि बाबा न जाताच गेले. आईबरोबर जे पाहिले त्यातले अर्धे त्यांच्या तोंडून ऐकायचे होते. इंदोऱ्याच्या त्या ओट्यावर म्हातारीने आईला विचारले होते, "आणि तुझा तो? सायकल उचलून देणारा?" आई म्हणाली, "तो नाई आला."

तेव्हा आम्हाला कळले, की पडलेली ती सायकल बाबांनी उचलून दिली होती.